फुकट्यांची पंगत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम एक दगड विकत घ्यावा.

साधासुधा दगड नको. मेलेल्या प्रवाळांचा, लाटांनी मोडलेला, वर्षानुवर्षं समुद्रतळाशी पडून भोकाभोकांचा झालेला चुनखडीचा तुकडा हवा. दुकानदार त्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतो आणि वजनावर विकतो. त्या भोकांत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. पैसे आपण या जिवाणूंचे मोजतो. बाकीची मंडळी वजनात धरलेली असतात, पावतीवर नसतात. मेथीच्या जुडीतून गोगलगाय घरात यावी तशी ती येतात. मेथी निवडताना गोगलगायीचं काय करायचं हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. दगडातून कुणाला बाहेर काढायचं आणि कुणाला जेवू घालायचं, हे सांगणारं घरात कुणी नसतं. म्हणून हा खटाटोप.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही मार्गदर्शिका न्यू जर्सी, लंडन किंवा अशाच एखाद्या ठिकाणी दिवाणखान्यात समुद्र थाटून बसलेल्या मराठी माणसांसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे ही सगळी मंडळी २००१पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. तेव्हा मुंबई-पुण्याच्या इच्छुकांनी सिरॅमिकचे दगड वापरावेत, टाकीत मासे पाळावेत, आणि पुढचा मजकूर परदुःख शीतल या न्यायाने वाचावा.

साहित्य आणि मुहूर्त

लाल प्रकाशाची विजेरी, भिंग, हातभर लांबीचा चिमटा, रबरी हातमोजे, पाण्याची रिकामी बाटली आणि एक सोडावॉटर. सोडा पिण्यासाठी नाही. त्याचं काम पुढे येईल.

मुहूर्त रात्रीचा. टाकीचे दिवे मालवून तास-दोन तास झाले की लाल विजेरी घेऊन काचेशी बसावं. टाकीतल्या बऱ्याच निशाचरांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे त्यांचे व्यवहार चालू राहतात. दिवसा ज्या टाकीत दोन मासे आणि तीन प्रवाळ होते, तिथे आता गर्दी आहे. काचेवरून तिळाएवढे पांढरे ठिपके झटके देत पळतात, ते कोपेपॉड. त्यांच्याहून मोठे, पाठीत वाकलेले, दगडाखाली आडवे सरपटणारे, ते अँफिपॉड. भोकाभोकांतून केसाएवढे पाच-पाच बाहू बाहेर येऊन पाण्यात हलतात, ते ब्रिटल स्टार. एक पारदर्शक धागा वाळूवरून लांबत लांबत जातो, कण उचलतो आणि मागे फिरतो. त्याचा मालक दगडात खोल बसलेला असतो आणि त्याचं तोंड तुम्हाला कधीही दिसणार नाही. याला स्पॅगेटी वर्म म्हणतात. काचेवर कधी चपटी, वेगाने चालणारी गोगलगाय भेटेल. कवच अंगापेक्षा लहान, एखाद्याने धाकट्या भावाची टोपी घातल्यासारखं. ती स्टोमॅटेला. तिला धरायला गेलात तर पायाचा मागचा भाग तोडून तुमच्या हातात ठेवेल आणि निघून जाईल. तिला धरू नका. ती शेवाळ खाते आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असते.

पहिल्याच रात्री नवशिक्याला दोन इच्छा होतात: सगळ्यांची नावं शोधण्याची आणि सगळ्यांना मारून टाकण्याची. दोन्ही आवराव्यात.

ओळख पटवणे

या छंदात प्राण्यांचे दोनच वर्ग आहेत: चांगले आणि वाईट. जीवशास्त्राच्या पुस्तकात हे वर्गीकरण सापडणार नाही, कारण ते बाजारभावावर आधारलेलं आहे. जो प्राणी फुकटात आलेल्या गोष्टी खातो तो चांगला. जो आपण विकत घेतलेल्या गोष्टी खातो तो वाईट. शेवाळ खाणारा खेकडा सज्जन. त्याच खेकड्याने महागड्या प्रवाळाचा घास घेतला की तो गुन्हेगार. दुकानातल्या पाटीवर ‘रीफ सेफ’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच. खऱ्या रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळभित्तीवर, कुणीच रीफ सेफ नसतं, तिथे सगळे एकमेकांना खातात आणि रीफ उभीच असते.

गावाहून आलेल्या सासूबाई टाकीपुढे उभ्या राहून वेगळं वर्गीकरण करतील. त्या रत्नागिरीच्या असतील तर विचारतील, “याचं कालवण होतं का हो?” तुम्ही नाही म्हणाल. “मग पाळलाय कशाला?” त्यांचं वर्गीकरण आपल्याइतकंच शास्त्रीय आहे आणि वापरायला सोपं आहे, एवढं मान्य करून पुढे जाऊ.

खेकडे. केसाळ पाय, काळ्या टोकांच्या जाड नांग्या आणि तुम्हाला बघताच भोकात मागे सरकण्याची सवय असेल तर लक्षण ठीक नाही. बाटलीचं तोंड कापून उलटं बसवावं, आत कोळंबीचा तुकडा टाकावा आणि रात्रभर ठेवावं. सकाळी आत खेकडा सापडेल, किंवा तुमची सगळ्यात महाग गोगलगाय. पण प्रवाळाच्या फांद्यांमध्येच मुक्काम असलेला छोटा, गुळगुळीत, रंगीत खेकडा दिसला तर हात आवरा. तो बहुधा ट्रॅपेझिया. पोसिलोपोरा जातीच्या प्रवाळात हे खेकडे जोडीने राहतात, आणि समुद्रात काटेरी मुकुटाचा तारामासा प्रवाळ खायला चढला की त्याचे पाय चिमटून त्याला हुसकावतात. म्हणजे हा त्या घराचा राखणदार. नवशिके त्याला सर्वांत आधी चिमट्याने उपटतात, कारण तो दिसायला सर्वांत सोपा असतो.

ब्रिसलवर्म. विजेरीच्या प्रकाशात बोटभर, गुलाबी-करडा, दोन्ही बाजूंना पांढरे केस असलेला किडा दिसला की घरातलं कुणीतरी किंचाळतं. किंचाळून झाल्यावर शांत व्हावं. यातले बहुतेक सगळे उष्टं-खरकटं खातात. दगडामागे मासा मेला आणि तुम्हाला कळलंच नाही, तर त्याची विल्हेवाट हेच लावतात, नाहीतर टाकीत अमोनिया चढला असता. एखादा किडा मेलेल्या माशावर बसलेला दिसला म्हणून त्यानेच खून केला असं मानू नये. तो पंचनाम्याला आलेला असतो. केस मात्र बोटात रुततात आणि चुरचुरतात. चिकटपट्टी लावून ओढून काढावेत. कॅरिबियनमधून आलेल्या दगडात लाल-पांढऱ्या झुपक्यांचा मोठा फायरवर्म असेल तर त्याला काढाच. तो प्रवाळ खातो.

टकटक. रात्री टाकीतून कुणीतरी दारावर टिचकी मारल्यासारखा आवाज येऊ लागला तर दोन शक्यता. एक, पिस्टल श्रिम्प, बहुधा निरुपद्रवी. दोन, मॅन्टिस श्रिम्प. हा कोळंबीचा दूरचा भाऊबंद आहे, पण वागणुकीवरून नातं कळत नाही. त्याच्या एका गटातल्या प्राण्यांच्या पुढच्या अवयवांना गदा असतात. अमेरिकेत बर्कली इथल्या संशोधकांनी २००४मध्ये मोजलं तेव्हा एका जातीच्या तडाख्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. एवढ्या वेगाने पाण्यात पोकळीचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटतानाचा धक्का भक्ष्याला वेगळा बसतो. १९९८मध्ये इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या दहा सेंटिमीटरच्या मॅन्टिस श्रिम्पने पाव इंच जाडीची काच फोडली. तुमच्या टाकीची काच किती जाडीची आहे, हे वाचनाच्या याच टप्प्यावर मोजून यावं.

आता सोडावॉटर. मॅन्टिस ज्या भोकात राहतो तो दगड बाहेर काढून बादलीवर धरावा आणि पिचकारीने भोकात सोडा मारावा. तो गुदमरून बाहेर पडतो. हातमोजे असले तरी त्याला हातात घेऊ नये. पुढे काय? पुढे असं होतं की मारायला धजावत नाही. त्याचे डोळे देठांवर वेगवेगळे फिरतात आणि त्यांपैकी एक थेट तुमच्याकडे वळतो. त्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे डझनभर प्रकार असतात, आपल्याकडे तीन. अशा नजरेसमोर माणूस खजील होतो. मग एक छोटी टाकी येते, छोटा पंप येतो, आणि रोज एक जिवंत गोगलगाय. हा या छंदातला अपघात नव्हे, रिवाज आहे. २००९मध्ये इंग्लंडच्याच कॉर्नवॉल परगण्यात न्यूकीच्या मत्स्यालयात प्रवाळ कापले जात होते, मासे जखमी होत होते. सापळे लावून उपयोग होईना तेव्हा कर्मचाऱ्यांनी अख्खा देखावा दगडादगडाने उपसला. आत निघाला चार फुटी किडा, युनिस कुळातला. त्याचं काय केलं? त्याला बॅरी हे नाव दिलं आणि स्वतंत्र टाकी दिली.

एप्टेशिया. आता मुख्य विषय. दगडाच्या कडेला एक दिवस नखाएवढं, काचेसारखं आरपार, तपकिरी छटेचं समुद्रफूल उमलतं. पाकळ्या पाण्यात डुलतात. नवशिक्याला वाटतं, चला, फुकटात एक अ‍ॅनिमोन मिळालं. तो पाहुण्यांना दाखवतो, फोटो काढतो, ड्रॉपरने त्याच्या तोंडात मायसिस, म्हणजे माशांच्या खाण्यातली कोळंबीसारखी बारीक जीवं, सोडतो. फूल लगेच मिटतं आणि घास गिळतं. फार लोभस दृश्य असतं. महिन्याभरात टाकीत वीस असतात.

चिमट्याने ओरबाडू नये. एप्टेशिया चालताना आपल्या तळव्याचे कण मागे टाकते, आणि त्या प्रत्येक कणातून नवं फूल उगवतं. तुम्ही ओरबाडता तेव्हा तिचंच काम करता. भिजवलेल्या चुन्याचा लगदा सिरिंजने तिच्या तोंडात सोडणं हा जुना उपाय. लिंबाचा रस आणि उकळतं पाणीही लोक टोचून बघतात. कधी साधतं. कधी ती आत ओढली जाते आणि शेजारच्या दोन भोकांतून बाहेर येते.

मग माणूस जिवंत उपायांकडे वळतो. पेपरमिंट श्रिम्प आणावेत, तर दुकानात त्यांच्यासारखेच दिसणारे कॅमल श्रिम्प त्याच नावाने गळ्यात मारले जातात, आणि ते एप्टेशिया सोडून प्रवाळ खातात. कॉपरबँड बटरफ्लायफिश एप्टेशिया आवडीने खातो, पण टाकीतलं दुसरं काही खाईन असा शब्द देत नाही, आणि पुष्कळदा उपाशी मरतो. सर्वांत खात्रीचा उपाय बर्गिया नावाची, बोटाच्या पेरापेक्षा लहान समुद्री गोगलगाय. ती फक्त एप्टेशिया खाते. जगात दुसरं काही खात नाही. एप्टेशिया संपली की बर्गियाही उपासमारीने संपते, आणि ती तर तुम्ही चांगले पैसे मोजून आणलेली असते. त्यामुळे बर्गिया वाढवणारे लोक तिच्या खाद्यासाठी टाक्या भरभरून एप्टेशिया पिकवतात. होय, जाणूनबुजून. प्रयोगशाळांतही ती मुद्दाम सांभाळली जाते, कारण प्रवाळासारखंच तिच्या अंगातही शैवाल राहतं आणि ती प्रवाळापेक्षा कितीतरी चिवट आहे. प्रवाळ पांढरे का पडतात हे समजून घ्यायला ती सोयीची पडते. तुमच्या टाकीतल्या चिवटपणाबद्दल शास्त्रज्ञांना आदर आहे, एवढं समाधान मानावं.

हेच अ‍ॅस्टेरिनाचं. नखाएवढा, वाकड्यातिकड्या पायांचा करडा तारामासा, जो स्वतःचे दोन तुकडे करून दोन होतो. बहुतेक जण काचेवरचं शेवाळ खातात. काही जण विकत घेतलेल्या झोअँथिड प्रवाळांवर बसलेले सापडतात आणि खटला उभा राहतो. उपाय म्हणून हार्लेक्विन श्रिम्प आणतात. पांढऱ्या अंगावर निळे-जांभळे ठिपके, रूप देखणं, आणि आहार तारामासा, दुसरं काही नाही. अ‍ॅस्टेरिना संपले की मालक दुकानातून मोठे तारामासे विकत आणतो आणि त्यांचे पाय एकेक करून कापून श्रिम्पला वाढतो. फुकट आलेल्या तारामाशांना संपवायला आणलेल्या प्राण्यासाठी विकतचे तारामासे. माझ्या मते या छंदाचं सगळं अर्थशास्त्र एवढ्यात आलं, पण दुकानदारांचं मत वेगळं असू शकेल.

उरलेले थोडक्यात. दगडाला चिकटलेल्या कडक नळ्या, त्यांतून जाळ्यासारखे चिकट धागे निघत असतील तर व्हर्मेटिड गोगलगाई. त्या धाग्यांनी प्रवाळ त्रासतो. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटाजवळ त्यांच्या शेजारचे प्रवाळ कमी वाढतात असं संशोधकांना दिसलं आहे. नळीच्या तोंडाशी सुपरग्लूचा थेंब. हिरवा चकचकीत गोळा म्हणजे व्हॅलोनिया. तो एवढा मोठा असूनही एकच पेशी आहे. कौतुक करावं आणि न फोडता काढावा.

आता गंमत बाजूला. दगडावर जाड, तपकिरी, गोल चकत्यांचा पुंजका असेल तर तो पॅलिथोआ असू शकतो. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. तो ब्रशने घासू नका, उघड्या हाताने सोलू नका, आणि कीड मरावी म्हणून दगड कधीही उकळू नका. वाफेतून विष घरभर पसरतं. २०१८मध्ये ऑक्सफर्डजवळच्या स्टीव्हन्टन गावात टाकीतून प्रवाळ काढताना असं विष सुटलं. घरची माणसं आणि मदतीला आलेले अग्निशमन दलाचे जवान, सगळ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. दगड टाकायचाच असेल तर ओला असतानाच पिशवीत बांधून टाका.

आणि वैतागून काहीही समुद्रात सोडू नका. मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाखालच्या पाण्यात १९८४मध्ये कॉलेर्पा शेवाळाचा मत्स्यालयातला वाण पहिल्यांदा दिसला, आणि पुढे तो भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला. २०००मध्ये तोच वाण कॅलिफोर्नियात कार्ल्सबादच्या खाडीत सापडला, तेव्हा ताडपत्र्या अंथरून त्यांच्याखाली क्लोरीन सोडावं लागलं. तो नाहीसा झाल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. तुमच्या दगडावरची हिरवी, पिसासारखी नाजूक फांदी त्याच कुळातली असू शकते.

जेवण

नवशिके विचारतात: या सगळ्यांना काय घालायचं?

गोठवलेल्या मायसिसचा चौकोनी तुकडा टाकीच्याच पाण्यात वितळवावा, गाळून घ्यावा, गाळलेलं पाणी फेकावं, कारण त्यात फॉस्फेट असतं आणि फॉस्फेटवर शेवाळ जगतं. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच घालावं. नोरीचा, म्हणजे सुक्या समुद्रशेवाळाचा, पापुद्रा चिमटीत अडकवून ठेवावा. गावाहून आलेला सुका जवळा टाकीत भुरभुरवण्याचा मोह होईल. तो स्वयंपाकघरातच राहू द्या, तिथे त्याची कदर जास्त आहे.

हे जेवण माशांचं झालं. फुकट्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही, कारण त्यांचं जेवण तुम्ही पहिल्या दिवसापासून वाढतच आहात. माशांच्या तोंडून निसटलेला कण अँफिपॉडकडे जातो, त्याच्याकडून सुटलेला ब्रिसलवर्मकडे, पाण्यात तरंगणारा व्हर्मेटिडच्या जाळ्यात, आणि जो कुणालाच मिळत नाही तो एप्टेशियाला. म्हणून टाकीत कोण किती झालंय ते मोजलं की घरात खायला कोण घालतं तेही कळतं. ब्रिसलवर्म अचानक शंभर दिसू लागले तर ते बाहेरून आलेले नसतात. सहलीला जाताना शेजाऱ्याला खाद्याचा डबा देऊन “रोज चिमूटभर” असं सांगितलं होतं, आणि शेजारी गुजराती किंवा मराठी असेल तर त्याच्या घरात चिमूटभर वाढण्याची पद्धत नाही.

फुकट्यांची उपासमार केली की त्यांची संख्या कमी होते, मात्र त्याच वेळी टाकीत मँडरिन मासा असेल तर तोही उपाशी राहतो. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा मासा दिवसभर दगडावरून कोपेपॉड टिपत फिरतो आणि छोट्या टाकीतले महिन्याभरात फस्त करतो. मग मालक दुकानात जातो आणि बाटलीभर जिवंत कोपेपॉड विकत घेतो, आणि त्यांना खायला फायटोप्लँक्टनची दुसरी बाटली. पहिल्या रात्री काचेवर जे पांढरे ठिपके बघून तुम्ही टाकी रिकामी करायला निघाला होता, ते हेच. आता ते पावतीवर आहेत, त्यामुळे चांगले आहेत.

वाटप

वर्ष-दीड वर्षात प्रवाळ वाढतो आणि काचेला टेकतो. तेव्हा हाडं कापायच्या कात्रीने त्याची फांदी तोडावी, सिमेंटच्या छोट्या चकतीवर चिकटवावी. याला फ्रॅग म्हणतात. फ्रॅग कुणाला तरी द्यायचे असतात; मराठी मंडळाच्या गणपतीत नवी टाकी घेतलेला एक तरी भेटतोच. देण्याआधी फ्रॅग आयोडीनच्या पाण्यात बुडवावा. त्याने किडे सुटतात, अंडी सुटत नाहीत. चकतीच्या खालच्या बाजूला भिंग लावून नीट बघावं. तिथे एक आरपार ठिपका दिसला तर चकतीच बदलावी. रात्रीचे अकरा वाजलेले असतील, फ्रॅग घेणारा गाडी सुरू करून खाली थांबलेला असेल, तर कुणी बदलत नाही.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन येईल. “दादा, तुम्ही दिलेल्या प्रवाळाच्या बाजूला एक छोटंसं फूल आलंय. काचेचं असल्यासारखं. बायकोला तर फारच आवडलंय. त्याला काय खायला घालू?”

मायसिस सांगावं. गाळून.